टास्क मॅनेजरमध्ये १८७ प्रोसेस: साफसफाई की उचापत?

बटणबहाद्दर
काल कॉम्प्युटर चालू केला आणि काहीही न उघडता कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला. १८७ प्रोसेस, म्हणजे आत चालू असलेले छोटे-मोठे प्रोग्राम! विंडोज एक्सपीच्या काळात हाच आकडा पंचवीस-तीसच्या आसपास असायचा, चांगलं आठवतंय. ८ जीबी रॅमपैकी निम्मी गायब, हार्ड डिस्क पहिली दहा मिनिटं १०० टक्क्यांवर. मशीन माझं, वीज माझी, आणि आत कोण कोणासाठी राबतंय याचा मलाच पत्ता नाही.

मग रात्री बसून झाडू मारला. गेमचा लाँचर, प्रिंटरचा मदतनीस, फोटो सिंक करणारं एक अ‍ॅप आणि तीन वेगवेगळे अपडेटर स्टार्टअपमधून (मशीनसोबत आपोआप सुरू होणाऱ्यांच्या यादीतून) काढले. पुढे सर्व्हिसेसमध्ये (पडद्यामागे चालणारी विंडोजची कामं) शिरून सिसमेन, विंडोज सर्च आणि आणखी चौदा-पंधरा डिसेबल केल्या. आकडा १४२ वर आला. माझं मत सरळ आहे: नाव ओळखीचं नसेल तर बंद करा, अडलं तर परत चालू करता येतंच. विरोधी मतं जरूर मांडा, पण "विंडोजला कळतं काय करायचं ते" एवढंच सांगून पळू नका.

निवांत
असहमत. आधी त्या आकड्याचंच बघू.

पूर्वी एका एसव्हीसीहोस्टच्या (सर्व्हिसेस चालवणारी विंडोजची प्रोसेस) पोटात दहा-दहा सर्व्हिसेस असायच्या. २०१७ च्या क्रिएटर्स अपडेटपासून, मशीनमध्ये ३.५ जीबीहून जास्त रॅम असेल तर विंडोज १० बहुतेक सर्व्हिसेसना स्वतंत्र प्रोसेस देतं. एक कोसळली तर तिने बाकीच्यांना सोबत नेऊ नये, आणि कोण किती खातंय ते वेगवेगळं दिसावं, हा हेतू. एका खोलीतली दहा माणसं दहा खोल्यांत राहायला गेली. खोल्या वाढल्या, डोकी तेवढीच. थोडी जास्त रॅम लागते हे मान्य, पण एक्सपीशी तुलना करून काही हाती लागत नाही.

दुसरं, सिसमेन. हा व्हिस्टातला सुपरफेच, नाव बदललेला. तुम्ही नेहमी उघडता त्या प्रोग्रामच्या फाइली तो रिकाम्या रॅममध्ये आधीच आणून ठेवतो. ती रॅम 'कॅश्ड'मध्ये दिसते आणि कोणी मागितली की लगेच सुटते. तुमची निम्मी रॅम गायब होती ती 'इन यूज'मध्ये, त्यामुळे सिसमेनला हाकलून तिचं काही होणार नव्हतं.

बटणबहाद्दर
आकड्याचं पटलं, थोडंफार. पण दहा मिनिटं डिस्क घरघरत होती हा भास नव्हता ना? खोल्यांचा हिशोब तिला कोण सांगणार!

पान्हेवाला
मशीन दुरुस्त करणं हाच धंदा, म्हणून मध्ये पडतो.

स्टार्टअपमध्ये केलंत ते उत्तम. सर्व्हिसेसमध्ये केलंत ती उचापत. स्टार्टअप टॅबमधल्या गोष्टी बहुतेक आपणच कधीतरी 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत आत घेतलेल्या असतात. तिथे 'स्टार्टअप इम्पॅक्ट' नावाचा रकाना असतो, तो बघा. सुरू होताना ज्याने एक सेकंदाहून जास्त सीपीयू किंवा ३ एमबीहून जास्त डिस्क वापरली, त्याच्यापुढे 'हाय' येतं. तुमचा फोटो सिंकवाला नक्की त्यात असणार. तो चालू झाला की अख्खं फोल्डर चाळत बसतो.

सर्व्हिसेसचं वेगळं. त्यातल्या कितीतरी 'मॅन्युअल'वर असतात, म्हणजे गरज पडली तरच उठतात. झोपलेल्याला डिसेबल करून काय मिळवलं? वर त्या एकमेकींवर अवलंबून. एका गिऱ्हाइकाने अशीच यादी बघून डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग बंद केली. वायफाय गेलं. इंटरनेटच नाही म्हटल्यावर उपाय शोधणार कुठे? नवीन वायफाय कार्ड आणून, लावून, तरीही चालेना तेव्हा माझ्याकडे आला. माझं काम अर्ध्या मिनिटाचं होतं. पैसे घ्यायला लाज वाटली (घेतले).

शंकेखोर
पान्हेवाल्यांचा मुद्दा सोयीपुरता ठीक, पण सुरक्षेचं काय? चालू असलेली प्रत्येक सर्व्हिस हे एक दार आहे. २०२१ मध्ये प्रिंटनाइटमेअर नावाचं सुरक्षेतलं भगदाड निघालं ते प्रिंट स्पूलरमधूनच (छपाईची कामं सांभाळणारी सर्व्हिस), आणि पॅच (दुरुस्ती) येईपर्यंत स्पूलर बंद ठेवा हा उपाय खुद्द मायक्रोसॉफ्टने सांगितला होता. माझ्या घरी प्रिंटरच नाही, मग स्पूलर रात्रंदिवस कशाला जागवायचा? मी तेव्हा बंद केला तो आजतागायत बंदच. बहाद्दरांच्या बाजूने एक मत.

निवांत
आणि वेबपेज पीडीएफ म्हणून सेव्ह करायला 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' वापरता की नाही? तो स्पूलरवरच चालतो.

शंकेखोर
...गायब झाला होता खरा. मला वाटलं अपडेटने उडवला. ब्राउझरचा स्वतःचा 'सेव्ह अ‍ॅज पीडीएफ' चालतो, त्यावर भागवलं. तरी मुद्दा सोडत नाही: मला ही किंमत परवडते.

निवांत
मग ठीक. काय बंद केलं आणि का, हे तुम्हाला माहीत आहे. बहाद्दरांचा नियम मात्र 'ओळखत नाही म्हणून बंद' असा आहे. उद्या त्या यादीत विंडोज अपडेट आलं तर? वॉनाक्राय हे फाइली ओलीस धरून खंडणी मागणारं मालवेअर मे २०१७ मध्ये पसरलं, त्याचा पॅच मार्चमध्येच आलेला होता.

मोजपट्टी
भांडण छान चाललंय, पण मोजलं कोणी? इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) 'डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स'चा लॉग उघडा. १०० क्रमांकाच्या नोंदीत बूट व्हायला लागलेला वेळ मिलिसेकंदांत असतो. आणि मोजताना शट डाउन करू नका, रीस्टार्ट करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलला जातो, म्हणजे ती खरी नवी सुरुवात नव्हेच. एका वेळी एकच बदल करा. पंधरा गोष्टी एका रात्रीत बंद केल्यावर फरक कशाने पडला ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

जाता जाता: क्रोममध्ये 'बंद केल्यावरही बॅकग्राउंड अ‍ॅप्स चालू ठेवा' असं एक बटण आहे आणि एजमध्ये 'स्टार्टअप बूस्ट'. सर्व्हिसेस खणण्याआधी ही दोन बघा.

पान्हेवाला
+१. आणि हार्ड डिस्कवर विंडोज आहे तोवर हे सगळं मलमपट्टीच. फिरती डिस्क विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला जेमतेम शे-दीडशे वेळा वाचते, साधी एसएसडीही (फिरता भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) हजारोंनी वाचते. १८७ प्रोसेस एकदम हात पुढे करतात तेव्हा हाच फरक दिसतो.

बटणबहाद्दर
आठवडाभर मोजलं. सगळ्या सर्व्हिसेस पूर्ववत केल्या, स्टार्टअपवाले बंदच ठेवले. डिस्क चार मिनिटांत शांत. मग एकट्या फोटो सिंकला परत आत घेतलं, पुन्हा नऊ मिनिटं! चोर सापडला. फक्त सिसमेन बंद करून पाहिलं तर डिस्क तीन मिनिटांत थांबली, पण ब्राउझर पहिल्यांदा उघडायला जास्त वेळ घेऊ लागला. तो आता चालू आहे. विंडोज सर्च मात्र बंदच राहणार, माझ्या फाइली कुठे आहेत ते मला पाठ आहे, आणि इथे कोणाचंही ऐकणार नाही. एसएसडीचं बघू.

एकच घोळ झाला. सौ. विचारतेय, रोज सकाळी वाढदिवसांची आठवण करून देणारी ती छोटी खिडकी कुठे गेली? स्टार्टअपमध्ये नाव ओळखीचं नव्हतं म्हणून मीच उडवली होती. परवा सासूबाईंचा वाढदिवस होऊन गेला.

निवांत
ती आधी चालू करा. सर्चवरून आपण नंतर भांडू.