मदत हवी आहे: नागपुरात प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाला ह्यूमन राइट्सची परदेशी फेलोशिप जमेल का?

पेशी_तारीख:
नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

मी नागपूर जिल्हा न्यायालयात प्रॅक्टिस करते, सहा-सात वर्षं झाली, कधीमधी हायकोर्टाच्या बेंचलाही मॅटर असतात. बहुतेक काम क्रिमिनल आणि त्यातही अंडरट्रायल, म्हणजे खटला अजून संपलेला नाही अशा कैद्यांचं. लीगल एडच्या पॅनलवर आहे, शिवाय एका छोट्या संस्थेसोबत सेंट्रल जेलमधल्या लोकांच्या बेलचं काम करून राहिली आहे. त्यातून किती पैसे मिळतात ते विचारू नका.

गेल्या वर्षभरापासून डोक्यात आहे की एकदा बाहेर जाऊन शिकून यावं. पण नेटवर बघायला बसलं की चेवनिंग, फुलब्राइट, फेलिक्स, इनलॅक्स, अमकं तमकं, सगळं एकत्र येतं आणि कोणतं डिग्रीसाठी, कोणतं कामासाठी, काहीच कळत नाही. माझी परिस्थिती अशी की बी.कॉम. करून तीन वर्षांचं एलएलबी केलं, एलएलबीला ५७ टक्के. एससी (बौद्ध) आहे. इंग्रजी ड्राफ्टिंग रोजचंच आहे पण बोलताना जरा अडखळते. लग्न झालंय, मुलगी पहिलीत आहे, सासूबाई म्हणतात जा बिनधास्त, नवरा म्हणतो आधी किती महिने ते सांग.

तर एक वर्षाचं एलएलएम (कायद्यातली मास्टर्स) करावं की काही महिन्यांचं काही असतं ते बघावं? दुसरं म्हणजे सगळीकडे वर्क एक्स्पिरियन्स मागतात, आपल्याकडे ना अपॉइंटमेंट लेटर ना सॅलरी स्लिप, ते दाखवायचं कसं? आणि बार रूममध्ये एकाने भीती घातली की परदेशी पैसा घेतला की एफसीआरए (परदेशी देणग्यांवरचा कायदा) लागतो, हे खरं आहे का? कोणी गेलं असेल तर प्लीज सांगा.

बर्डीवाला:
ताई, धर्मपेठेत एक कन्सल्टन्सी आहे, माझ्या भाच्याचं कॅनडाचं त्यांनीच केलं. तिथे विचारून बघा.

सिव्हिल_लाइन्स:
बर्डीवाला भाऊ, या कामाला कन्सल्टन्सी कशाला बाप्पा! चेवनिंग ही यूके सरकारची स्कॉलरशिप, तिला अर्जाची फी शून्य. जो कोणी फॉर्म भरायचे पैसे मागतो तो निबंधही कुठूनतरी उचललेला देईल आणि ते वाचणाऱ्याला दोन ओळींत समजते.

@पेशी_तारीख, मी इथूनच एलएलबी करून यूकेला एलएलएम केलं, आता परत नागपुरातच आहे. तुमचा खरा अडथळा ५७ टक्के आहे, तो आधी समोर ठेवू, म्हणजे अर्धी नावं आपोआप गळतील.

फेलिक्स यूकेतल्या ऑक्सफर्ड, सोआस (लंडन) आणि रेडिंग युनिव्हर्सिटीसाठी आहे आणि त्यांना फर्स्ट क्लास लागतो, म्हणजे ते गेलं. इनलॅक्सला वयाची अट तीस वर्षांच्या आतली, शिवाय आधी अ‍ॅडमिशन हातात पाहिजे. केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप, जिच्या १२५ पैकी ११५ जागा एससीसाठी आहेत, तिला ६० टक्के लागतात. तिच्याबद्दल आणखी एक सांगून ठेवतो, २०२२ च्या गाइडलाइन्समध्ये त्यांनी भारतीय संस्कृती, इतिहास, समाज यावरचे विषय वगळले. म्हणजे जातीवर परदेशात अभ्यास करायचा असेल तर जातीमुळेच मिळणारी ही स्कॉलरशिप चालणार नाही. यावर मी काही बोलत नाही, बोललो तर धागा भरकटेल.

अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्सला ५५ टक्के चालतात, तीन वर्षांचा पगारी अनुभव पाहिजे, आणि विषयांच्या यादीत इंटरनॅशनल लीगल स्टडीज आहे. तिथे तुम्ही बसता. पण तो जे-१ व्हिसा असतो, संपल्यावर दोन वर्षं भारतात राहणं बंधनकारक. चेवनिंगलाही परतीची दोन वर्षं आहेतच. तुम्हाला परतच यायचंय तर त्याचं टेन्शन नाही.

पेशी_तारीख:
परत यायचंच आहे हो, तिथे राहून काय करणार, माझे सगळे अशील इथल्या जेलमध्ये.

सरकारी म्हणजे राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, तिचं काय? मुलगी झाली तेव्हापासून ऐकून आहे.

सिव्हिल_लाइन्स:
ती बघाच. समाजकल्याण आयुक्तालय, पुणे यांच्याकडून येते, एससीसाठी ७५ जागा. युनिव्हर्सिटीला क्यूएस या जागतिक रँकिंगची अट आहे, उत्पन्नाची अट आहे, आणि ऑफर लेटर अनकंडिशनल लागतं, म्हणजे आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा वगैरे सगळं आधी उरकलेलं पाहिजे. टक्केवारी, उत्पन्न, रँकिंग हे नियम जीआरनुसार बदलत राहतात, २०२४ मध्ये बदलले तेव्हा केवढा आरडाओरडा झाला ते पेपरात आलं होतं. त्यामुळे कोणाच्या व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डवर जाऊ नका, चालू वर्षाची जाहिरातच वाचा. नवऱ्याचं उत्पन्न धरतात हे लक्षात ठेवून दाखले काढा.

इतवारी_एक्सप्रेस:
मी वकील नाही, एनजीओवाला आहे, पण मला इथे सगळे एकाच दिशेने चालले दिसून राहिले. ताईंना डिग्री पाहिजे का काम शिकायचंय? एलएलएमच्या नावाखाली वर्षभर पोरगी, अशील, बेलचे अर्ज सगळं सोडून जायचं आणि परत येऊन बार रूमच्या त्याच खुर्चीवर बसायचं. ज्यांना शिकवायला जायचंय त्यांचं वेगळं. आणि तेही बघून घ्या, बार कौन्सिलच्या २०२० च्या नियमांत परदेशातलं एक वर्षाचं एलएलएम इथल्या एलएलएमच्या बरोबरीचं धरलेलं नाही, त्याला कोर्टात आव्हानही दिलंय. प्राध्यापकी डोक्यात असेल तर आधी हे पाहा.

त्यापेक्षा कोलंबिया युनिव्हर्सिटीचा ह्यूमन राइट्स अ‍ॅडव्होकेट्स प्रोग्रॅम बघा. १९८९ पासून चालू आहे. ऑगस्टच्या शेवटी सुरू होऊन डिसेंबरपर्यंत, चारेक महिने न्यूयॉर्क. डिग्री देत नाहीत. वर्गात बसता येतं, फंड कसा उभा करायचा, केस जगासमोर कशी मांडायची, कोणाला भेटायचं हे शिकवतात, आणि वॉशिंग्टनच्या गाठीभेटीही असतात. घेतात कोणाला, तर तळात काम करणाऱ्यांना. संस्थेशी जोडलेले पाहिजे, परत जाऊन तिथेच काम करायचंय हे दिसलं पाहिजे. ५७ टक्के कोण विचारते तिथे!

आणि नागपुरात बसून कोलंबियाचं नाव कोणाला समजावून सांगावं लागत नाही. बाबासाहेब १९१३ ला गेले तेव्हा बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती होती, तिलाही परत येऊन नोकरी करायची अट होतीच.

पेशी_तारीख:
चार महिने! हे नवऱ्याला सांगता येईल. पण पूर्ण खर्च देतात का? आणि माझी संस्था म्हणजे पाच-सहा लोक, एक खोली आणि एक प्रिंटर जो बंद असतो. त्याला ते संस्था म्हणतील का?

इतवारी_एक्सप्रेस:
छोटी संस्था चालते, उलट तेच हवं असतं. खर्चाचं मात्र दरवर्षी फंडिंगवर असते, म्हणून चालू वर्षी अर्ज मागवताना स्टायपेंड आणि तिकिटाचं काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय सासूबाईंना तारीख सांगू नका.

एफसीआरएचं उत्तर कोणीच दिलं नाही म्हणून मीच देतो, आमचा रोजचाच ताप आहे तो. २०१० च्या कायद्याच्या कलम ४ मध्ये स्कॉलरशिप, स्टायपेंड आणि तसलं पेमेंट वगळलेलं आहे. तुम्ही व्यक्ती म्हणून स्टायपेंड घेता, त्याला रजिस्ट्रेशन लागत नाही. पण तिकडच्या कोणी खूश होऊन तुमच्या संस्थेच्या खात्यात डॉलर टाकतो म्हटलं तर हात जोडून थांबवा, त्याला रजिस्ट्रेशन नाहीतर सरकारची आधी परवानगी लागतेच. बार रूमवाल्याने दोन्ही गोष्टी एकत्र केल्या.

कोरची_ते_कोर्ट:
मी इथे फार लिहीत नाही, पण विचारतो. माझा मित्र गोंड आहे, गडचिरोली जिल्ह्यातला, सामूहिक वनहक्काचे दावे बघतो, ग्रामसभांसोबत. तिथल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये हे हक्क मिळाले त्यानंतरच्या पिढीतला पोरगा. त्याच्याकडे वकिलीची सनद आहे पण इंग्रजी कामापुरती. त्याच्यासाठी काही आहे का?

सिव्हिल_लाइन्स:
आहे. जिनिव्हाचं यूएनचं मानवी हक्क कार्यालय आदिवासींसाठी इंडिजिनस फेलोशिप चालवतं, १९९७ पासून. काही आठवड्यांचं ट्रेनिंग असतं, यूएनची यंत्रणा कशी चालते, तक्रार कुठे आणि कशी करायची हे. डिग्रीचा बाऊ करत नाहीत, पण आपल्या समाजाच्या संघटनेची शिफारस पाहिजे. ग्रामसभांच्या महासंघाचं पत्र असेल तर त्याहून चांगलं काय. त्याच कार्यालयाची अल्पसंख्याकांसाठी वेगळी फेलोशिपही आहे. इंग्रजी मात्र ऐकून समजेल आणि बोलता येईल इतकी लागते, तेवढं त्याला आत्तापासून करायला सांगा.

उन्हाळी_सुट्टी:
यॉर्क युनिव्हर्सिटीचीही एक आहे की, ह्यूमन राइट्स डिफेंडर्ससाठी.

इतवारी_एक्सप्रेस:
ती ज्यांना कामामुळे धोका आहे त्यांच्यासाठी, थोडं लांब जाऊन श्वास घेता यावा म्हणून. ताईंना धोका फक्त बंद प्रिंटरचा दिसतो.

पेशी_तारीख:
😂 तुम्ही आमच्या क्लार्कला भेटला नाहीत अजून.

अनुभवाचं कोणी सांगा ना प्लीज. चेवनिंगला तर तास मोजून मागतात म्हणे.

सिव्हिल_लाइन्स:
हो, २,८०० तास, म्हणजे दोन वर्षांचं काम. घाबरायचं काही नाही, आठवड्याचे तास गुणिले आठवडे, तुमचं केव्हाच झालंय. पुरावा म्हणून सनदेची तारीख, लीगल एड पॅनलची नेमणुकीची ऑर्डर, सिनिअरचं लेटरहेडवरचं पत्र की अमुक सालापासून अमुक सालापर्यंत माझ्या चेंबरमध्ये होती, नंतर स्वतंत्र प्रॅक्टिस असेल तर आयटी रिटर्न. रिटर्न भरता ना? नसाल भरत तर या वर्षीपासून भरा, उत्पन्न कमी असलं तरी भरा.

रेफरन्सबद्दल एक. आपल्याकडे सगळे मोठं नाव शोधतात, निवृत्त न्यायमूर्ती वगैरे, आणि ते दोन ओळी लिहून देतात की ही मेहनती आणि सुस्वभावी आहे. त्याचा काही उपयोग नाही. ज्याने तुम्हाला जेलच्या गेटवर सुपरिंटेंडेंटशी भांडताना पाहिलंय त्याच्याकडून घ्या.

आणि निबंधात "समाजातील शोषित वंचित घटकांना न्याय मिळवून देणे हे माझे ध्येय" असलं वाक्य आलं तर मी इथे येऊन ओरडेन. तुम्ही जेलमध्ये नेमकं काय करता, ते सांगा बरं इथेच, दहा ओळीत.

पेशी_तारीख:
बरं, प्रयत्न करते.

आपलं नागपूर असं ठिकाण आहे की इथे छत्तीसगड, एमपी, यूपी, कुठकुठली माणसं कामाला येतात नाहीतर नुसती रेल्वेने जाताना पकडली जातात. बेल होते. मग पंचवीस हजाराचा जामीनदार आणा, तोही लोकल, सॉल्व्हन्सीसकट, म्हणजे ऐपतीचा दाखला. त्याचा भाऊ बालाघाटला शेतमजूर, तो कुठून आणणार सॉल्व्हन्सी? माणूस बेल होऊन आतच. सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये मोतीराम केसमध्ये हेच सांगितलंय की दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार म्हणून नाकारू नका, तोही एमपीचाच गरीब माणूस होता, आणि आपण अजून तेच सायटेशन रोज लावून राहिलो. सुप्रीम कोर्टाच्याच ३१ जानेवारी २०२३ च्या ऑर्डरमध्ये तर स्पष्ट आहे, बेल ऑर्डर जेलला ईमेल करा, सात दिवसांत सुटला नाही तर सुपरिंटेंडेंटने लीगल सर्व्हिसेसला कळवायचं, महिनाभरात जामीन भरला नाही तर कोर्टाने अटी शिथिल करायचा विचार करायचा. आम्ही काय करतो तर बेल होऊनही आत असलेल्यांची यादी मागतो, एकेकाच्या घरी फोन लावतो, पीआर बॉन्डवर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्या हमीवर) सोडा म्हणून अर्ज टाकतो. आता बीएनएसएसचं, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या कायद्याचं कलम ४७९ आलं, पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेला असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सोडायचं, त्याच्याही याद्या करतो. यादी केली की अर्धं काम होते. ती कोणी करत नाही.

झालं. दहा ओळींपेक्षा जास्त झालं वाटते.

इतवारी_एक्सप्रेस:
हाच तर अर्ज आहे बाप्पा, आता नुसतं इंग्रजीत लिहायचं!

सिव्हिल_लाइन्स:
सहमत. फक्त एक भर घाला, तिकडे जाऊन काय आणणार. न्यूयॉर्क राज्याने २०२० पासून बऱ्याच किरकोळ गुन्ह्यांत पैशाचा जामीनच काढून टाकला, नंतर त्यात दुरुस्त्याही केल्या, वाद अजून चालू आहे. कोलंबियात बसून तुम्हाला ते कोर्टात जाऊन बघता येईल. बालाघाटचा भाऊ आणि न्यूयॉर्कचं बेल रिफॉर्म, हे एका परिच्छेदात आलं की वाचणारा थांबतो.

पेशी_तारीख:
हे मला सुचलंच नव्हतं. थँक यू.

मग असं करते, कोलंबियाचा अर्ज पहिला, राजर्षी शाहूसाठी आयईएलटीएस पुढे देईन (अठरा हजार म्हणे, आणि दोनच वर्षं चालते, म्हणून लगेच नाही देत), आणि चेवनिंग ऑगस्टला उघडलं की बघू. माझ्या मॅटरचं काय करायचं ते राहिलं. एक मैत्रीण आहे बॅचमेट, तिला आत्तापासूनच नव्या मॅटरमध्ये वकालतनाम्यावर सोबत घेते, म्हणजे ऐनवेळी पेशीला अशील एकटा उभा राहायला नको.

बर्डीवाला:
ताई, तो ड्राफ्ट इंग्रजीत झाला की इथेच टाका, माझा भाचा कॅनडात इंग्रजीच शिकवतो, तपासून देईल. फुकट.

सिव्हिल_लाइन्स:
टाका, पण अशिलांची नावं आणि केस नंबर काढून. आणि शब्दमर्यादा पाळा, तुम्ही "दहा ओळी" कशा मोजता ते आत्ताच पाहिलं.