दसऱ्याची गाडी, पण पासिंगच्या आधी बघून

ए-३०२: नमस्कार सोसायटीतल्या मंडळींना. अंबाबाईच्या कृपेनं इलेक्ट्रिक गाडी बुक केली आहे, टाटाची नेक्सॉन, ४५ किलोवॅट-अवरची बॅटरीवाली. दसऱ्याला मुहूर्तावर चावी देतो म्हणालेत. आयुष्यभर पेट्रोलच चालवली त्यामुळं यातलं काही कळत नाही. बी-४०१ ताईंकडे इलेक्ट्रिक आहे ना, आणायच्या आधी काय काय बघायचं असतं जरा सांगाल का?

ए-१०४: अभिनंदन काका 🎉 लई भारी काम केलासा. पेढे कधी?

सी-२०१: अभिनंदन भाऊजी.

बी-४०१: काका मनापासून अभिनंदन. आधी एक सांगा, पासिंग झालं का? म्हणजे नंबर पडला का गाडीला?

ए-३०२: अजून नाही. उद्या-परवा करतो म्हणालेत, आधार पॅन सगळं नेलंय.

बी-४०१: मग आजच फोन करा आणि थांबवा. गाडी मी बघितल्याशिवाय पासिंग करायचं नाही असं सांगा, आणि नुसतं बोलून नको, मेसेज करून ठेवा म्हणजे लेखी राहतं. दसऱ्याच्या दिवशी तिथं लग्नघराएवढी गर्दी असते, एकीकडं हार, नारळ, फोटो, मागं पुढची पार्टी उभी, त्यात कोण वाकून टायर बघणार आणि कोण चार्जर लावून बघणार, आणि बघितलं तरी उपयोग नाही कारण तोवर कोल्हापूरचा एमएच ०९ चा नंबर पडून तुम्ही मालक झालेले असता. नंबर पडायच्या आधी काही खोट दिसली तर "दुसरी गाडी द्या" म्हणता येतं. नंबर पडल्यावर सगळी वर्कशॉपची भाषा सुरू होते, हे बदलून देतो ते रंगवून देतो. म्हणून चावी घ्यायचा दिवस वेगळा आणि गाडी बघायचा दिवस वेगळा ठेवा.

ए-१०४: शंभर टक्के खरं. माझ्या मावसभावाच्या गाडीचा दरवाजा रंगवलेला निघाला, पासिंग झाल्यावर कळलं. कोण ऐकून घेईना.

ए-३०२: पण असं आधी बघू देतात का?

बी-४०१: देतात की. गाडी यार्डात असते, तिथं जाऊन बघायची, दिवसा उजेडात, पावसाची झड नसताना. ओल्या गाडीवर ओरखडा दिसत नाही. आणि आधी चासी नंबर मागून घ्या, १७ अक्षरी असतो, तोच नंबर बिलावर, तोच इन्शुरन्सवर, तोच गाडीवर. एक अक्षर जरी इकडंतिकडं असलं तरी सही करू नका.

बी-४०१: उत्पादनाचा महिना आणि वर्ष फॉर्म २१ वर लिहिलेलं असतं, म्हणजे विक्रीचं सर्टिफिकेट. आणि टायरच्या बाजूला चार आकडे असतात, समजा २३२५ असेल तर २०२५ चा २३ वा आठवडा. चारही टायर बघा. इलेक्ट्रिक गाडी लई महिने यार्डात उभी असली तर दोन गोष्टी होतात, एक म्हणजे आतली छोटी १२ व्होल्टची बॅटरी उतरते, ती मेली की मोठी बॅटरी भरलेली असून पण गाडी चालू होत नाही, काहींचं तर दार पण रिमोटनं उघडत नाही. दुसरं मोठी बॅटरी किती टक्क्यावर ठेवली होती ते कुणालाच माहीत नसतं. लई दिवस अगदी रिकामी ठेवणं तिला चांगलं नाही.

बी-४०१: किलोमीटर पण बघा. दोन-चार डझन किमी ठीक, यार्ड ते शोरूम फिरते. शेकड्यात असतील तर टेस्ट ड्राइव्हची गाडी हाय का ते सरळ विचारायचं, लाजायचं नाही, आपले लाखो रुपये हायत.

सी-२०१: एवढं बघायचं म्हणजे इंजिनिअरच न्यायला पाहिजे.

बी-४०१: काकू, मी जाते ना काकांबरोबर. आणि सगळ्यात महत्त्वाचं जे कुणी बघत नाही ते म्हणजे चार्जिंग. गाडी दोन प्रकारच्या करंटवर चार्ज होते, घरचा एसी आणि हायवेवरच्या फास्ट चार्जरचा डीसी. दोन्ही लावून बघायचे. लोक घरचा बघतात आणि घेऊन येतात, मग पहिल्यांदा पुण्याला जाताना मध्येच थांबून डीसीची गन, म्हणजे चार्जरचा मोठा प्लग, लावतात आणि गाडी घेतच नाही, तिथं रस्त्यावर कुणाला विचारणार. आपल्याकडं सीसीएस २ प्रकारची गन असते, शोरूममध्ये फास्ट चार्जर असला तर पाच मिनिटं लावायला सांगायचं, नसला तर जवळच्या स्टेशनवर त्यांनाच घेऊन चला म्हणायचं. गाडीसोबत येणारी १५ अँपिअरची केबल पण तिथंच खोलून लावून बघा, नुसता खोका डिकीत ठेवून सही घेतात.

बी-१०२: ताई बरोबर आहे. आणि काका इन्शुरन्स शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते हे लक्षात ठेवा, बाहेरून कोट घेऊन तुलना करा. नवीन कारला थर्ड पार्टी ३ वर्षांचं एकदम भरावं लागतं, इलेक्ट्रिकला त्यात १५ टक्के सूट आहे, ती दिली का बघा. झिरो डेप घ्या, म्हणजे क्लेममध्ये पार्टचा घसारा कापत नाहीत. आणि कोल्हापुरात राहून बॅटरी प्रोटेक्टचं ॲड-ऑन सोडू नका, पाणी शिरलं तर त्याचाच आधार. चार्जर पण कव्हरमध्ये येतो का विचारा.

ए-१०४: पाण्याचं मला पण विचारायचं होतं. शोरूमवाला म्हणतो आयपी ६७ हाय, पाण्यातनं बिनधास्त घाला.

बी-४०१: बिनधास्त अजिबात नाही. आयपी ६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, आणि ते पण बॅटरी पॅकचं, अख्ख्या गाडीचं नाही. पाऊस, रस्त्यावर साचलेलं थोडंफार पाणी, धुणं, याची भीती नको. पण २०१९ आणि २०२१ ला आपण बघितलंय पाणी किती दिवस उभं राहतं. पुराच्या पाण्यात बुडलेली गाडी चालू करायची नाही, चार्जिंगला तर लावायचीच नाही, फ्लॅटबेडवर, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणाऱ्या ट्रकवर, घालून सर्व्हिस सेंटरला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाचा इशारा झाला की आपली सगळ्यांची वाहनं वर काढतो तशीच ही पण काढायची, ४३ फुटाच्या धोका पातळीची वाट बघायची नाही, आणि पुराच्या दिवसांत बॅटरी कमी ठेवायची नाही कारण पाणी चढलं की महावितरण लाईट बंद करतं, मग चार्ज करणार कुठं.

सी-२०१: मला वेगळीच काळजी आहे. बेसमेंटमध्ये रात्रभर चार्जिंगला लावणार, वर आम्ही झोपणार. आग लागल्याचे व्हिडिओ बघितलेत. राग मानू नका भाऊजी.

ए-३०२: राग कसला वहिनी, मला पण तीच धास्ती आहे.

बी-४०१: काकू तुमची काळजी योग्यच आहे, ती हसण्यावारी न्यायची नाही. काकांच्या गाडीत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी आहे, ती उष्णतेला जास्त टिकते, सहजासहजी पेटत नाही. धोका बॅटरीपेक्षा वायरिंगमध्ये जास्त असतो. साधा एक्स्टेंशन बोर्ड, बारीक वायर, ढिला सॉकेट, त्यातनं रात्रभर १५ अँपिअर ओढला की प्लग वितळतो, तिथनं सुरुवात होते. म्हणून एक्स्टेंशन बोर्डावर गाडी लावायची नाही हा नियमच करूया आपल्या सोसायटीत, कुणाचीही असो. वेगळी लाईन, मीटरपासून थेट पार्किंगपर्यंत, १५ अँपिअरला कमीत कमी ४ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर, ७.२ किलोवॅटचा वॉल चार्जर असला तर ६ स्क्वेअर, अंतर जास्त असलं तर त्याहून जाड. वेगळा एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की पडणारा स्विच, ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारी, आणि अर्थिंग.

बी-४०१: अर्थिंगवर मी जोर देते कारण माझं रोजचं कामच शिरोली एमआयडीसीत हेच आहे. अर्थिंग नीट नसलं तर गाडीचा चार्जर सरळ नकार देतो, लाल दिवा, आणि लोक म्हणतात गाडी खराब. गाडी नाही, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला असतो. एप्रिल-मे मध्ये आपल्या सोसायटीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कुणी घालतं का? माती वाळली की अर्थिंग ढासळतं.

सेक्रेटरी: कुणी घालत नाही, खरं आहे. या रविवारी इलेक्ट्रिशियन बोलावून दोन्ही विंगचं अर्थिंग मोजून घेतो. काका, तुमच्या मीटरवरून लाईन टाकायला सोसायटीची हरकत नाही, फक्त अर्ज द्या आणि वायर पाइपमधून, भिंतीला धरून. चार्जिंग पॉइंट वर घ्या, जमिनीलगत नको, पाणी आलं तर.

बी-४०१: सेक्रेटरी साहेब धन्यवाद, पॉइंट छातीच्या उंचीला घेऊया. काका, वॉल चार्जर बसवायचा तर महावितरणकडं मंजूर लोड बघा, तो एकटाच ७.२ किलोवॅट ओढतो, वरनं गिझर लागला की सिंगल फेजवर जड जाईल. लोड वाढवायचा अर्ज गाडी यायच्या आधी टाका. तुमचं रोजचं फिरणं शहरातलंच असेल तर मला विचाराल तर १५ अँपिअर पण पुरतं, रिकामी बॅटरी भरायला १५ तासांच्या वर लागतात पण रोज कुठं रिकामी होते. वॉल चार्जर फुकट बसवून देतो म्हणतात तेव्हा किती मीटर वायर फुकट ते विचारा, तुमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर असला तरी मीटर खाली आहे म्हणून वाचाल, नाहीतर पुढची प्रत्येक मीटर पैशाची.

ए-३०२: बिल किती वाढेल ताई?

बी-४०१: साधारण १ युनिटला ६-७ किमी धरा. महिन्याला हजार किमी फिरलात तर साधारण १४० ते १७० युनिट वाढतील. फक्त स्लॅब बघा, ३०० च्या वर गेलं की दर चढतो, ५०० च्या वर अजून. तरी पेट्रोलपेक्षा पुष्कळ कमीच.

ए-१०४: आणि रेंज, म्हणजे एका चार्जवर किती जाते? ४८९ किमी लिहिलंय. मग पुणं जाऊन येऊन होणार की.

बी-४०१: नाही होणार. ४८९ हा टेस्टचा आकडा, कंपनी स्वतःच रोजच्या वापरात ३५० ते ३७० च्या आसपास सांगते, आणि हायवेला एसी लावून शंभरच्या वेगानं गेलात तर त्याहून खाली. पुणं २३० किमी, एकेरी आरामात जाल, येताना तिथं चार्ज करूनच निघायचं. काका, पुण्यात मुलाच्या सोसायटीत १५ अँपिअरचा पॉइंट आहे का ते आजच विचारून ठेवा. हायवेवर चार्जर आहेत पण एकाच कंपनीच्या ॲपवर राहू नका, दोन-तीन ॲप आधीच घरी बसून पैसे घालून चालू करून ठेवा, सातारच्या उन्हात ओटीपीची वाट बघत उभं राहायला नको.

बी-१०२: आणि टोल. इलेक्ट्रिकला टोल माफ असं शोरूमवाले सरसकट सांगतात. माफी अटल सेतू, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धीवर आहे. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर ही सगळी राष्ट्रीय महामार्गाची, तिथं फास्टॅगमधून कापणारच.

सी-२०४: दोन ओळी माझ्या, मी टॅक्सचं काम बघतो. बिल १० लाखांच्या वर असेल तर १ टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं आधीच कापून घेतलेला टॅक्स, घेतात, तो खर्च नाही, टॅक्स खात्याच्या वेबसाइटवर तुमच्या नावावर दिसतो, रिटर्न भरताना परत मिळतो किंवा टॅक्समध्ये वळता होतो. त्यासाठी बिल तुमच्याच पॅनवर पाहिजे. आणि कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची सूट मिळते असं कुणी सांगितलं तर ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जालाच होती, आता नाही. जीएसटी इलेक्ट्रिकला ५ टक्के. हँडलिंग चार्ज अशी ओळ दिसली तर कशाचा ते विचारा आणि काढायला लावा.

ए-३०२: हँडलिंगची ओळ आहे खरी. मी समजलो सरकारी काहीतरी असेल.

सी-२०४: सरकारी नाही काका. फोटो मला पाठवा, बाकीच्या ओळी पण बघतो.

बी-४०१: वॉरंटीचा कागद पण मागा, तोंडी नको. बॅटरीला बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी देतात, काही पहिल्या मालकाला लाइफटाइम म्हणतात पण लाइफटाइम म्हणजे १५ वर्षं आणि गाडी विकली की ती तशीच पुढच्याला मिळेल असं नाही. सर्व्हिस वेळेवर न केल्यास काय, ती अट वाचा. आणि गाडी बंद पडली तर फ्लॅटबेड येतो का विचारा, दोरी बांधून ओढायची नाही ही गाडी, चाकं फिरली की मोटर फिरते, नुकसान होतं. स्टेपनी हाय का तेही बघा, बऱ्याच इलेक्ट्रिकमध्ये नसते, पंक्चर किट देतात, आंबा घाटात रात्री टायर फाटला तर किट काय करणार.

ए-१०४: मोबाइलचं ॲप राहिलं ताई.

बी-४०१: हो, बरं आठवण केलीस. ॲप शोरूममध्येच काकांच्या नंबरवर जोडून घ्यायचं, सेल्समनच्या नंबरवर जोडलेलं सोडतात कधी कधी, मग गाडी कुठं आहे ते त्याला दिसतं. सॉफ्टवेअर अपडेट शिल्लक असतील तर तिथंच करून मागा. नंबर प्लेट हिरवी, अक्षरं पांढरी, खाजगी गाडीला हीच. अक्षरं पिवळी म्हणजे टॅक्सी.

सी-२०१: पूजेला चाकाखाली लिंबू चालतं ना या गाडीला? 😊

बी-४०१: चालतं की काकू. फक्त चार्जिंगच्या झाकणाच्या आत हळद-कुंकू नको, तेवढं वगळून बाकी सगळं करा. आणि काका पहिल्या दिवशी जोतिबाला किंवा पन्हाळ्याला जाणार असाल तर वर चार्जर मिळाला तरी पूर्ण शंभर टक्के भरून खाली उतरू नका, भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज परत घ्यायला जागा राहत नाही, ब्रेकवरच सगळा भार येतो.

ए-३०२: ताई तुम्ही एवढं मनावर घेतलंत. आत्ता फोन केला. पासिंग थांबवलं म्हणाले, आधी जरा कुरकुर केली, मुहूर्त चुकेल म्हणाले. मी म्हटलं चुकला तर चुकू दे, पाडव्याला नेतो. मग शुक्रवारी दुपारी यार्डात या म्हणाले.

बी-४०१: शाब्बास काका. शुक्रवारी मी अर्धा दिवस रजा टाकते. चासी नंबर आज रात्रीपर्यंत मागवून ठेवा आणि त्यांना सांगा गाडी ५० टक्क्याच्या खालीच ठेवा, चार्ज करून बघायचा आहे, भरलेली गाडी असली तर डीसीचं काही कळत नाही.

ए-१०४: मी पण येतो, टायर गेज हाय माझ्याकडं. रंगाचं मीटर मावसभावाकडनं आणतो.

सेक्रेटरी: रविवारी सकाळी १० ला इलेक्ट्रिशियन येतोय. ज्यांना पुढं इलेक्ट्रिक घ्यायची आहे त्यांनी पण थांबा, लाईनचं एकदाच मोजमाप होऊन जाईल.

बी-१०३: आम्ही थांबतो. पुढच्या वर्षी आमचा पण विचार आहे.