मिरचीची फुलं गळताहेत, कुणी सांगेल का?

बी-३०४: बाल्कनीतल्या मिरचीला फुलं भरपूर येतात, पण दोन दिवसांत गळतात. रोज सकाळी डब्याभोवती पांढरा सडा. पाणी दोन्ही वेळ न चुकता घालते. काय चुकतंय?

ए-१०२: काकू, डब्याचा फोटो टाका.

ए-१०२: हा तेलाचा ५ लिटरचा डबा ना? खाली भोकं किती पाडलीत?

बी-३०४: एक. खिळ्याने.

ए-१०२: एकाने काय होतंय! ते मातीने कधीच बुजलं असणार. डबा जरा कलता करून बघा.

बी-३०४: अगंबाई! काळपट पाणी आलं. वासही येतोय.

ए-१०२: मग मुळं गुदमरलीत, फुलं कुठून धरणार? तापवलेल्या सळईने तळाला पाच-सहा भोकं पाडा, दोन-तीन बाजूलाही, तळापासून बोटभर वर. आणि दोन वेळचं पाणी बंद. बोट दोन पेरं मातीत खुपसायचं, कोरडं लागलं तरच घालायचं.

बी-२०४: भोकं जरूर पाडा, पण खाली ताटली ठेवा ही नम्र विनंती. माझ्या पांढऱ्या चादरीवरचे मातीचे डाग अजून गेलेले नाहीत 🙏

बी-३०४: अय्या, ते माझ्याकडचं होतं?

ए-१०२: ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाका मात्र. नाहीतर डास.

डी-४०२: पाणी हे एक कारण. माझ्याकडे पत्र्याचा काळा डबा होता, दुपारी हात लावला तर चटका बसायचा. पारा ३५ च्या वर गेला की मिरची फूल टाकतेच. डब्याला बाहेरून पांढरा रंग दिला आणि दुपारपुरता आडोसा केला, तेव्हा कुठे मिरच्या धरल्या. सकाळचं ऊन मात्र पाहिजेच, सावलीत नुसती उंच वाढते.

सी-५०१: माझी तर नुसती पानंच. हिरवीगार, हाताएवढं झाड, फूल एक नाही.

डी-४०२: युरिया घालता का?

सी-५०१: घालतो की. चमचाभर, दर आठवड्याला.

डी-४०२: 🤦 नत्र जास्त झालं की झाड पानांतच रमतं. बंद करा.

ए-३०३: माझ्या मिरचीची पानं चुरमुडलीत. व्हायरस का?

डी-४०२: लगेच उपटू नका. कडा वर वळून पानाची होडी झाली असेल तर बहुधा फुलकिडे. खाली वळून उलटी वाटी झाली असेल तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, रस शोषणारी बारीक कीड). पांढऱ्या कागदावर शेंडा झटका, फुलकिडे असले तर बारीक रेघांसारखे पळताना दिसतील.

ए-३०३: होडीच आहे! आणि रेघा पळताहेत, शी!

डी-४०२: लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल, दोन थेंब पातळ साबण. संध्याकाळी, पानांच्या खालून फवारा.

सी-५०१: माझ्याकडे थिनरचा मोठा डबा रिकामा आहे. घेऊ का मिरचीला?

ए-१०२: नको हो! थिनरचा, कीटकनाशकाचा डबा कितीही धुतला तरी खायच्या झाडाला नको. आइस्क्रीमचे कप रोपांपुरते चालतात. मोठ्या झाडाला ८-१० लिटरची बादली उत्तम. काकू, तुमचा डबाही तसा लहानच आहे.

बी-३०४: बरं. सहा भोकं पाडली, ताटली ठेवली. बी-२०४, आता घाला चादर वाळत.

बी-२०४: आधी टॉवेल घालून बघतो.