डर्बीला जाणारे नाशिककर: अनुभव, सोयी, तक्रारी

द्राक्षनगरी:
माळा आवरताना घोड्यांच्या रेसची जुनी पुस्तकं सापडली. कडेला पेन्सिलीनं वजनं, ड्रॉ, ट्रॅकवर्कच्या म्हणजे सरावाच्या वेळा टिपलेल्या. लगेच आठवलं, फेब्रुवारीचा पहिला रविवार आलाच. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरची इंडियन डर्बी, घोड्यांची मोठी रेस, १९४३ पासूनची. नाशिकहून जाणाऱ्यांच्या तक्रारी दरवर्षी त्याच: परतीची गाडी हुकली, टोटच्या म्हणजे बेट लावायच्या खिडकीच्या रांगेत असतानाच रेस सुटली, जिंकूनही हाती काही लागलं नाही. ज्याला जे नक्की ठाऊक आहे ते लिहा.

प्रवासाचं मी सांगतो. पंचवटी एक्स्प्रेसनं दादरला उतरा, पुलावरून वेस्टर्नला जा, चर्चगेटकडची स्लो पकडा. प्रभादेवी, लोअर परळ, मग महालक्ष्मी. फास्ट तिथे थांबत नाही. रविवारचा ब्लॉक शनिवारीच बघून ठेवा. स्लो गाड्या फास्ट ट्रॅकवरून वळवल्या की महालक्ष्मी गाळतात. तसं असेल तर दादरहूनच टॅक्सी.

उत्तमनगर_सिडको:
परतीला पंचवटी धरूच नका. ती सव्वासहाला सीएसएमटीहून सुटते आणि डर्बी दिवसाच्या उत्तरार्धात असते. बक्षीस समारंभ, टोटवर पैसे घ्यायची गर्दी, गेटबाहेर टॅक्सीसाठी झुंबड, यात तास सहज जातो. रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसचं रिझर्वेशन आधीच करा. गाडीनं जाणार असाल तर जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग इगतपुरी ते आमणे सुरू आहे, कसारा घाट टळतो. आमण्यापुढचा भिवंडी-ठाण्याचा ट्रॅफिक मात्र टळत नाही.

निफाडचा_गारठा:
पहाटे आमच्याकडे कानटोपी, दुपारी महालक्ष्मीला घामाच्या धारा. स्वेटर मावेल अशी पिशवी न्या. बाकी तुमचं चालू द्या.

टोट_खिडकी:
रांगेबद्दल. सगळे भाव बघत थांबतात आणि शेवटच्या पाच मिनिटांत खिडकीवर येतात. गेट उघडलं की विक्री बंद, मग तुम्ही रांगेत पहिले असलात तरी काही होत नाही. डर्बीच्या दिवशी एरवी रेस न खेळणारे खूप असतात, त्यांना खिडकीवर बोलायला वेळ लागतो. क्रम पाठ करा: रेस नंबर, पूल (विन, प्लेस असा बेटचा प्रकार), घोड्याचा नंबर, रक्कम. घोड्याचं नाव सांगू नका. सगळ्यात जास्त चुका इथे होतात: कार्डावर घोड्याचा नंबर वेगळा आणि ड्रॉ वेगळा. ड्रॉ म्हणजे स्टार्टिंग गेटमधली जागा. सात नंबरचा घोडा दोनच्या ड्रॉवरून सुटू शकतो. तिकीट हातात पडलं की खिडकी सोडायच्या आधी वाचा.

आता जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के, तोही पूर्ण रकमेवर. १०० ची बेट १४० ला पडते. बरोबरीच्या भावाचा घोडा आला तर २०० परत, म्हणजे नफा ६०. हरला तर १४० गेले. या हिशोबानं दहातले सात घोडे बरोबर आले तेव्हा कुठे ना नफा ना तोटा. म्हणून फेव्हरेटवर डोळे झाकून खेळणाऱ्यांना ‘घोडा तर आला, पैसे कुठे गेले’ असं वाटतं. जिंकलेली रक्कम १०,००० च्या वर गेली की ३० टक्के टीडीएस. आणि हरलेल्या बेटांची वजावट मिळत नाही, हे सीए सांगेपर्यंत बऱ्याच जणांना माहीत नसतं.

गंगापूररोड_ताई:
टोट दादा, आम्ही फक्त बघायला येतो, तरी वाचून कळलं. बायकांसाठी एक: हिल्स नकोत. लॉनमध्ये टाच रुतते आणि उभं राहायचं असतं दिवसभर.

टोट_खिडकी:
बरोबर ताई. अजून एक राहिलं. निकाल जाहीर झाल्याशिवाय तिकीट फाडू नका. रेस संपली की जॉकी खोगिरासकट वजनकाट्यावर उभा राहतो, वजन कमी भरलं तर घोडा बाद. शिवाय कुणाचं ऑब्जेक्शन, म्हणजे तक्रार, आलं तर नंबर बदलू शकतात.

पॅडॉकचा_कठडा:
रेस बघायची असेल तर आधी पॅडॉक, म्हणजे रेसआधी घोडे फिरवून दाखवतात ती जागा. चमकणारी कातडी, सैल लांब चाल, कान पुढे: घोडा तयार आहे. मानेवर थोडा घाम मुंबईच्या हवेत चालतो. मागच्या मांड्यांच्या मध्ये साबणासारखा पांढरा फेस दिसला आणि घोडा मोतद्दाराला (त्याला धरून चालणाऱ्याला) ओढत आडवा चालत असेल, तर त्याचा दम गेटमध्ये जायच्या आधीच खर्च होतोय. २४०० मीटरला हे महागात पडतं.

पुस्तकात ट्रॅकवर्क ‘६००/३९’ असं असतं, म्हणजे ६०० मीटर ३९ सेकंदांत. नुसता आकडा बघू नका, पुढचा शेरा वाचा. ‘सहज’ धावून ३९ आणि ‘रेटून’ ३९ यात फार फरक. डिसेंबरची गिनीज ही रेस १६०० मीटरची, डर्बी त्याहून ८०० नं लांब, साधारण अडीच मिनिटांची. गिनीजमध्ये शेवटी पुढे सरकत होता तो घोडा बघा. पुढे राहून शेवटच्या २०० त थकला त्याला इथे आणखी कठीण.

येवला_पैठणी:
डर्बीचे घोडे किती वर्षांचे असतात? सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आम्ही दात बघून वय ठरवतो.

पॅडॉकचा_कठडा:
चार. १ जानेवारीला सगळ्यांचं वय एकदम वाढतं, जन्म मार्चचा असो की एप्रिलचा.

येवला_पैठणी:
दत्तजयंतीच्या यात्रेत देवमण, केसांचे भोवरे, पंचकल्याणी अशा अंगावरच्या खुणा बघूनच भाव ठरतो. रेवाल चालीला वेगळे पैसे. रेसच्या घोड्यात भोवऱ्याला काहीच किंमत नाही का?

पॅडॉकचा_कठडा:
शुभ-अशुभ असं काही नाही. पण भोवरे घोड्याच्या पासपोर्टमध्ये नोंदवतात, ओळख पटवायला. तुमचे मारवाडी-काठेवाडी घोडे वेगळे भाऊ, त्यांना डौलात चालवायचं. हे थरोब्रेड, फक्त वेगासाठी पैदास केलेले.

पिंपळगाव_बसवंत:
आमची काढणी नेमकी तेव्हाच. त्यात ढगाळ हवा, भुरीची भीती. द्राक्षनगरी काका, सल्फर मारलं का?

द्राक्षनगरी:
काढणी जवळ आली रे, आता फवारणी विचारूनच कर, माल एक्स्पोर्टला असेल तर रेसिड्यू येईल. धाग्यावर नको, फोन कर.

उत्तमनगर_सिडको:
देवगिरीला वेटिंग सुरू झालंय. ज्यांचं ठरलंय त्यांनी आजच काढा.