घरबसल्या सुट्टी : गंजिफा (जुने पारंपरिक पत्ते) खेळायला कोणी शिकवेल का?

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून यंदा मे महिन्यात कोकणात जाणं नाही. मुलं हिरमुसली आहेत. पन्हं, आमरस, दुपारचे पत्ते असं घरीच रमायचं ठरवलंय.

कपाटात सावंतवाडीहून आणलेला दशावतारी गंजिफाचा संच आहे. दहा अवतारांचे प्रत्येकी १२, असे १२० गोल पत्ते, सगळे हाताने रंगवलेले. इतके सुंदर, की आजवर नुसते बघतच राहिलो! आता खरंच खेळायचंय. राजा आणि प्रधान कळतात. पण काही रंगांत (म्हणजे अवतारांत) एक्का मोठा आणि काहींत दश्शी, ते कसं लक्षात ठेवायचं? तिघांत डाव कसा मांडायचा? आणि हाताळून रंग खराब होऊ नयेत म्हणून काय करता? घरातल्या मोठ्यांकडून शिकलेल्यांनी जरूर सांगा, सासूबाईंनाही फार उत्सुकता आहे.