एकसारखी नावं आणि कालीचा अपघात

विमानांना वाट दाखवणाऱ्या बीकनची, म्हणजे जमिनीवरून रेडिओ संकेत देणाऱ्या केंद्रांची, नावं सारखी असली तरी वैमानिकाला संदर्भावरून कळतंच, असं काही जण म्हणतात. हा मुद्दा मला पटत नाही. २० डिसेंबर १९९५ ची रात्र घ्या. अमेरिकन एअरलाइन्सचं ९६५ हे बोइंग ७५७ कोलंबियातल्या कालीला उतरत होतं. ऐनवेळी धावपट्टी बदलली आणि कॉकपिटमध्ये घाई सुरू झाली. जायचं होतं रोझो बीकनकडे. नकाशावर त्याची खूण 'आर', म्हणून संगणकात 'आर' टाकलं. यादीत पहिलं आलं ते 'आर' खुणेचंच दुसरं बीकन, बोगोटाजवळचं रोमिओ, शंभराहून जास्त मैल लांब. तेच निवडलं गेलं. रोझोसाठी पूर्ण नाव टाकावं लागत होतं, हे त्या घाईत कुणाला आठवणार? ऑटोपायलटने विमान निमूटपणे डावीकडे वळवलं. चूक लक्षात येऊन ते परत वळवलं, पण उतरणं चालूच होतं आणि समोर अंधारात डोंगर. १६३ पैकी फक्त चौघं वाचले.

मला जास्त लागतं ते पुढचं. कालीला रडार नव्हतं, जमिनीवरून विमानांना सूचना देणाऱ्या नियंत्रकाची सगळी भिस्त वैमानिक सांगतील त्यावर. त्यांच्या विनंत्या त्याला विसंगत वाटत होत्या. वैमानिक स्पॅनिश बोलणारे असते तर त्यांना तसं सांगितलं असतं, असं त्याने नंतर चौकशीत म्हटलं. नेहमीच्या ठरावीक वाक्यांपलीकडचं विचारण्याइतकं इंग्रजी त्याच्याकडे नव्हतं. म्हणून नुसती नावं बदलून भागणार नाही. शंका आली की साध्या शब्दांत "तुम्ही नक्की कुठे आहात?" एवढं विचारता येणं प्रत्येक नियंत्रकाच्या प्रशिक्षणात हवंच.