मदत हवी आहे: मेलबर्नमध्ये एसीच्या बिलावरची सवलत, कार्ड बायकोचं आणि वीजखातं माझं

बायकोला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जासंस्थेचा आजार) आहे. घर तापलं की तिचे पाय उचलत नाहीत, त्यामुळे उन्हाळाभर एसी लागतोच. व्हिक्टोरिया सरकारच्या मेडिकल कूलिंग कन्सेशनमध्ये 1 नोव्हेंबर ते 31 मार्चच्या विजेवर 17.5 टक्के सूट असते. हेल्थ केअर कार्ड (सरकारी सवलतींसाठीचं कार्ड) तिच्या नावावर आहे, फॉर्मवर डॉक्टरांची सहीही झाली. घोडं अडलंय ते वीजखात्यावर, कारण कार्ड तिचं आणि खातं माझ्या नावावर आहे. कंपनीत फोन केला तर एक जण म्हणतो दोघांची नावं टाका, दुसरी म्हणते खातंच बायकोच्या नावावर करा. खातं बदललं तर सध्याचा स्वस्त प्लॅन जाईल. सेंटरलिंकचं (केंद्र सरकारची मदत देणारी यंत्रणा) इसेन्शियल मेडिकल इक्विपमेंट पेमेंटही, म्हणजे आजारामुळे लागणाऱ्या उपकरणांच्या विजेसाठीची मदत, मागायचंय. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: नुसतं दुसरं नाव जोडून काम झालं का? आणि दोन्ही एकत्र मिळतात का?